शिफ्टची नोकरी, मागे राहिलेले दोन विषय आणि पहाटे चारचा बेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६, चाकण एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर, दर आठवड्याला बदलणाऱ्या तीन शिफ्ट. घरी आई, बायको, दोन शाळकरी मुलं. बारावी कॉमर्सनंतर शिक्षण सुटलं, ते आता यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात बी.कॉम.ला प्रवेश घेऊन पुन्हा सुरू केलंय. पहिल्या सत्रात दोन विषय राहिले. पहाटे चारला उठून अभ्यास करायचा असं दरवेळी ठरतं, आठ-दहा दिवस जमतं, मग पुस्तक उघडवत नाही. यूट्यूबवरचे मोटिव्हेशनचे व्हिडिओ पाहिले की जोर चढतो, दोन दिवसांत उतरतो. ‘माझी जिद्द कमी पडतेय का? की आता वय झालं? आणि वेळ काढायचा तरी कुठून?’

मी मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर समंत्रक आहे, कॉमर्सचे विषय घेतो. रविवारच्या संपर्क सत्राला माझ्यासमोर बसलेल्यांत कंपनीतले, दुकानातले, पतसंस्थेत काम करणारे, रिक्षा चालवणारे असे सगळे असतात. जिद्दीचा प्रश्न यातल्या जवळपास प्रत्येकानं कधी ना कधी विचारलाय. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर जिद्दीपासून सुरू करणार नाही. मला त्यातली दुसरीच गोष्ट खटकली, ती म्हणजे ‘आठ-दहा दिवस जमतं’.

तुमची शिफ्ट किती दिवसांनी बदलते? सात. पहिली शिफ्ट सातची असेल तर कंपनीची बस साधारण सहाला. चारला उठून तासभर वाचणं अवघड, पण शक्य आहे. पुढच्या आठवड्यात दुसरी शिफ्ट. रात्री अकराला सुटून, तळेगाव चौकातलं ट्रॅफिक ओलांडून घरी पोचेपर्यंत बारा, जेवून आडवं व्हायला एक. त्यानंतर चारचा गजर लावणं म्हणजे तीन तासांची झोप. दोन-तीन दिवस माणूस रेटतो, मग शरीर नाही म्हणतं. आणि तिसऱ्या आठवड्यात रात्रपाळी, पहाटे चारला तर तुम्ही मशीनवरच उभे असता. म्हणजे हा बेत दुसऱ्या आठवड्यात मोडणार हे पहिल्याच दिवशी ठरलेलं होतं. तुम्ही मात्र तो स्वभावाचा दोष धरून बसलात, आणि दरवेळी तोच बेत आणखी जोरात पुन्हा केलात.

पहाटे उठून अभ्यास करावा हे आपल्याकडे शाळेपासून डोक्यात बसलंय. शाळकरी मुलाला ते ठीक आहे, त्याला रात्री साडेनऊला कोणीतरी झोपवतं. शिफ्टवाल्या माणसानं अभ्यास घड्याळाला बांधू नये, घटनेला बांधावा. पीटर गॉलवित्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९९९ साली यावर एक लेख लिहिला होता. नुसतं ‘मी हे करणार’ असं म्हणण्यापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करणार’ असं आधी ठरवलेलं जास्त पार पडतं, असा त्याचा निष्कर्ष. तुमच्या बाबतीत ती घटना म्हणजे ‘झोपून उठलो, चहा झाला’. मग तो चहा सकाळी आठचा असो की दुपारी चारचा. चहाचा कप ठेवला की वही उघडायची.

आता प्रत्येक शिफ्टचं वेगळं बघू. तुमच्या वेळा थोड्या मागेपुढे असतील, त्याप्रमाणे बदलून घ्या.

तिन्हींत अभ्यासाला सगळ्यात चांगली दुसरी शिफ्ट. हे ऐकून लोक दचकतात, कारण तीच सर्वांत नावडती असते. पण सकाळी आठला उठलात, मुलं शाळेला गेली, की नऊपासून साडेदहापर्यंत घर शांत आणि डोकं ताजं. नवीन धडा, अवघड उदाहरण, जे काही समजून घ्यायचं असेल ते या आठवड्यासाठी राखून ठेवा. पहिल्या शिफ्टला घरी येऊन अर्धा तास पडा, चहा घ्या आणि संध्याकाळी एक तास बसा. मुलंही तेव्हाच गृहपाठाला बसवता आली तर उत्तम. एकाच सतरंजीवर बाप आणि पोरं वह्या घेऊन बसलेली असली की टीव्ही लावायला घरात कोणाचा हात धजत नाही. या आठवड्यात नवीन काही घेऊ नका, मागच्या आठवड्यात जे समजलं ते लिहून, सोडवून पाहा. तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात मात्र अपेक्षा मोडीत काढा. दिवसा झोप पुरी करणं हेच काम. ड्यूटीला निघण्याआधी अर्धा तास व्याख्या किंवा जुनी उत्तरं चाळलीत तरी पुष्कळ झालं. झोप मारून केलेला अभ्यास लक्षात राहत नाही, शिवाय तुमचं काम फिरत्या मशीनवरचं आहे. डुलकी तिथे परवडणारी नाही.

बेरीज करा. दुसऱ्या शिफ्टला सहा दिवस दीड तास म्हणजे ९, पहिलीला ६, तिसरीला ३, आणि प्रत्येक आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी २. तीन आठवड्यांत २४ तास होतात, म्हणजे आठवड्याला सरासरी ८. सणवार, लग्नं, आजारपण वजा जाता सत्रात हाताशी वीस आठवडे धरले तर १६० तास.

इथे थोडं कटू बोलतो. विद्यापीठाच्या हिशोबात एक श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, ३० तासांच्या अभ्यासाचा. चार श्रेयांकांच्या एका विषयाला १२० तास झाले. तुमच्याकडे १६० तास आहेत आणि विषय चालू सत्राचे चार आणि मागचे दोन धरले तर सहा, म्हणजे विषयाला सव्वीस-सत्तावीस तास. संपर्क सत्रं आणि स्वाध्याय त्या १२० तासांत धरलेले असतात हे खरं, तरी तफावत मोठीच आहे. तुम्ही हा हिशोब कधी कागदावर मांडला नसणार, पण पुस्तकांचा गठ्ठा पाहिला की मनाला तो कळतोच. पुस्तक उघडवत नाही त्यामागे आळस थोडा आणि ही धास्ती जास्त असते.

त्यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे या खेपेला एक-दोन विषय जाणूनबुजून बाजूला ठेवणं. पदवी ठरलेल्या वर्षांतच पुरी झाली पाहिजे अशी सक्ती मुक्त शिक्षणात नसते. तुमच्या नोंदणीची मुदत किती ते माहितीपुस्तिकेत पाहा आणि केंद्रसंयोजकांना विचारून घ्या. सहापैकी सहा विषयांना हात लावून तीन घालवण्यापेक्षा चारच घेऊन चारही काढलेले बरे. दोन विषय सुटल्याचा निकाल हातात पडला की जो जोर येतो, तो कुठल्याही व्हिडिओनं येत नाही. कोणते विषय ठेवायचे हे ठरवताना मागे राहिलेल्यांची गुणपत्रिका काढा. चार-सहा मार्कांनी गेलेला विषय आधी, फार खाली गेलेला नंतर. बरेच जण उलट करतात, सर्वांत अवघड विषयाशी आधी झुंजतात आणि तिथेच दमतात.

दुसरा उपाय म्हणजे आहेत ते तास कशात घालवायचे ते बदलणं. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून जरा सविस्तर.

शाळा सोडून पंधरा-सोळा वर्षं झालेला माणूस अभ्यास म्हणजे वाचन असं धरतो. पहिल्या पानापासून सुरुवात करतो, पेन्सिलीनं ओळी अधोरेखित करतो, दुसऱ्या दिवशी कालचं आठवत नाही म्हणून पुन्हा पहिल्या पानावर येतो. महिन्यानं पाहावं तर पुस्तकाची पहिली चाळीस पानं मळलेली आणि बाकीची कोरी. रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. काहींना एक उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, काहींना एकदा वाचून तो आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. वाचताना सगळं येतंय असं वाटतं, ते त्या पाच मिनिटांपुरतं. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

म्हणून विषयाची सुरुवात जुन्या प्रश्नपत्रिकांपासून करा. मागच्या तीन-चार परीक्षांच्या मिळवा, शेजारी शेजारी ठेवा, कोणत्या घटकावर काय विचारलंय ते पाहा. मग एक प्रश्न घ्या, पुस्तकातला तेवढाच भाग वाचा, पुस्तक मिटा आणि उत्तर लिहा. अडलात तर उघडा, बघा, पुन्हा मिटा. चाळीस मिनिटांत एक उत्तर होतं. किती तास बसलो हे वहीत लिहू नका, किती उत्तरं झाली ते लिहा. तास फसवे असतात, त्यातला निम्मा वेळ मोबाइल खातो. लिहिलेलं उत्तर मात्र समोर दिसतं.

अकाउंट्सला तर हे दुपटीनं लागू आहे. पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण वाचून सगळं समजलं असं वाटतं. मशीन लावून देणारा सेटर ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाची दुरुस्ती, टाकत असताना तुम्ही शेजारी उभं राहून बघता तेव्हाही सगळं समजतंच की. पण स्वतः टाकायची वेळ आली की कळतं. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हा क्रम हातातून गेल्याशिवाय बसत नाही. आठवड्याला दोन उदाहरणं, पुस्तक मिटून, शेवटपर्यंत. ताळेबंद जुळला नाही तर उत्तर बघण्याआधी दहा मिनिटं चूक शोधा. नावे आणि जमा यांची गल्लत नेमकी कुठे होते ते त्या दहा मिनिटांत जेवढं कळतं, तेवढं माझ्या तासाभराच्या शिकवण्यात कळत नाही.

लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. तुम्ही सलग दोन-तीन तास पेन कधी धरलं होतं? येत असूनही पेपर पुरा न झालेले विद्यार्थी मी फार पाहिलेत. हात दुखतो, अक्षर बिघडतं, शेवटचे दोन प्रश्न कोरे राहतात. ही सवय परीक्षेच्या आदल्या आठवड्यात होत नाही. आणि स्वाध्याय वेळेत जमा करा. त्यांचे गुण घरबसल्या मिळतात, तरी केवळ तारीख विसरल्यामुळे ते घालवणारे दर सत्रात असतातच.

वयाचं म्हणाल तर पाठांतर विशीइतकं पटकन होणार नाही, हे खरं आहे. पण कॉमर्समध्ये तुमच्याकडे असं काही आहे जे विशीतल्या पोराकडे नाही. पुढे परिव्यय लेखांकन, म्हणजे कॉस्ट अकाउंटिंग, येईल. प्रत्यक्ष साहित्य, प्रत्यक्ष मजुरी, उपरिव्यय (ओव्हरहेड) हे शब्द बाकीचे घोकतात. तुम्ही रोज बार कापताना चिप्स किती जातात, एका जॉबचा सायकल टाइम किती, रिजेक्शन वाढलं की सुपरवायझर का ओरडतो हे बघता. ठरलेली तूट आणि जास्तीची तूट यातला फरक तुम्हाला शिकवावाच लागणार नाही, तुमच्या लाइनवरचं उदाहरण घालून तोच प्रश्न सोडवा. दिवसभर राबून रात्री शिकणं यात नवलही काही नाही. जोतिबा आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात कामकरी माणसांसाठी रात्रशाळा काढली ती १८५५ साली.

आता पैशाचं बोलू. तुमच्या प्रश्नात ओव्हरटाइमचा उल्लेखच नाही, पण चाकणला आहात म्हणजे तो असणार. १९४८ च्या कारखाने कायद्यापासून ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे. चार तास थांबलात की एका दिवसाचा पगार. म्हणजे अभ्यासाला बसलेल्या प्रत्येक संध्याकाळची किंमत घरात सगळ्यांना रुपयांत माहीत असते, आणि पदवीचा फायदा मात्र कोणालाच रुपयांत सांगता येत नाही. ‘आज थांबला असतास तर’ हे वाक्य कोणी बोललं नाही तरी घरात ऐकू येतं. यात घरच्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. घराचे हप्ते असतील, मुलांची फी असेल, तर ओव्हरटाइम सोडा असा सल्ला देणं सोपं आणि निरर्थक आहे.

त्यापेक्षा बायकोबरोबर एकदा नीट बसा आणि आकडा ठरवा. महिन्याला किती ओव्हरटाइम घ्यायचा, कोणत्या महिन्यांत वाढवायचा, आणि परीक्षेआधीचे सहा आठवडे तो पूर्ण बंद ठेवायचा तर त्याची भरपाई आधीच्या महिन्यांत कशी करायची. एकदा ठरलं की रोज संध्याकाळी मनात वाद घालावा लागत नाही. ‘मला अभ्यासाला वेळ द्या’ असं मोघम सांगू नका. ‘या आठवड्यात सकाळी नऊ ते साडेदहा मला बाजारात, बँकेत, कोणाला सोडायला पाठवू नका’ असं नेमकं सांगा. आणि तीन शिफ्टांचा कागद स्वयंपाकघराच्या दारावर लावा. आईलाही तो वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात.

माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या बाबतीत हे सगळं दुप्पट अवघड असतं, कारण घरी असलेली बाई रिकामीच आहे असं सगळे धरून चालतात. त्यांतल्या काही जणी घरी वही उघडतच नाहीत. मुलांना क्लासला सोडून तिथेच बाहेरच्या बाकावर बसून उत्तरं लिहितात. घरात कोपरा मिळत नसेल तर तुम्हीही गावातलं वाचनालय, एखाद्या मित्राचं बंद दुकान, असं काही शोधा.

खाडे होणारच. गणपती ते दिवाळी हा काळ तर अभ्यासाला सरळ वजा धरावा असा असतो. माझा यात एकच आग्रह आहे. खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचं नाही. बुडालेला अभ्यास डोक्यावर कर्जासारखा चढवला की चार दिवसांत त्याचं ओझं इतकं होतं की माणूस वही बघायचंच टाळतो. गेलेला दिवस गेला. ज्या शिफ्टचा आठवडा चालू आहे, त्या दिवसाचं ठरलेलं तेवढंच करा. एवढ्यासाठीच वरच्या हिशोबात मी वीस आठवडे धरले, सव्वीस नाही.

राहिला ‘कशासाठी’ हा प्रश्न. हे मात्र पूर्ण तुमच्या परिस्थितीवर आहे. सुपरवायझर व्हायचं म्हणून बी.कॉम. करत असाल, तर आधी कंपनीच्या एचआरला जाऊन विचारा की त्या पदाला ते बी.कॉम. धरतात की डिप्लोमा. शॉप फ्लोअरवर बढतीला अनेक ठिकाणी डिप्लोमाच लागतो. स्टोअर, डिस्पॅच, अकाउंट्सकडे वळायचं असेल तर बी.कॉम. कामाला येईल. जीएसटी आणि टॅलीचं थोडं ज्ञान त्याच्या जोडीला लागेल. राज्यसेवेचा विचार असेल तर वयाचं गणित आजच करा. खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ अशी मर्यादा आहे, आणि तुमचं वय ३६. ‘मुक्तची डिग्री कोण विचारतो’ असं कोणी म्हणालं तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणातली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी असं विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, २०२२ साली स्पष्ट केलंय. आणि बढती-बिढती काही नको, अर्धवट राहिलेलं पुरं करायचंय एवढंच कारण असेल, तर तेही चालतं. त्या कारणानं शिकणारे माझ्या पाहण्यात जास्त चिवट निघालेत, कारण त्यांना कोणाच्या निर्णयाची वाट बघायची नसते.

व्हिडिओंबद्दल एवढंच की एक व्हिडिओ बघायला जितका वेळ जातो तितक्यात अर्धं उत्तर लिहून होतं. बसमध्ये बघा हवं तर. खरं तर बससाठी याहून चांगलं काम आहे. व्याख्या आणि मुद्दे स्वतःच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि जाता-येता ऐका. शेजारचा झोपलेला असतो, त्याला काही कळत नाही. विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राहा, पण तारखा कळण्यापुरतं. त्यापेक्षा आपल्याच केंद्रावरचा एक जण जोडीदार धरा आणि दर रविवारी एकमेकांना आठवड्यात लिहिलेल्या उत्तरांचे फोटो पाठवा. पाठवायला काही नसेल त्या रविवारी नुसतं ‘काही नाही’ असं लिहून पाठवायचं, स्पष्टीकरण न देता.

परीक्षेच्या वेळापत्रकाचंही आत्ताच सांगतो, कारण शिफ्टवाले तिथे हमखास अडकतात. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर वेळापत्रक लागलं की त्याच दिवशी त्याची प्रत सुपरवायझरला द्या आणि पेपरच्या दिवसांसाठी शिफ्ट कोणाशी बदलायची ते ठरवून टाका. रात्रपाळी करून सकाळी पेपरला बसायची वेळ येऊ देऊ नका. रजा शिल्लक ठेवायची असेल तर ती लग्नसराईत संपवू नका, हे घरी आधीच सांगून ठेवा.

सध्या तिसरी शिफ्ट चालू असेल तर या आठवड्यात फक्त जुन्या प्रश्नपत्रिका गोळा करा आणि झोपा. पहिली किंवा दुसरी असेल तर उद्याच्या चहानंतर एक उत्तर लिहा. मागे राहिलेले दोन विषय कोणते आणि किती मार्कांनी गेले तेही कळवा. त्यात अकाउंट्स असेल तर कोणत्या घटकांपासून धरायचं याचा क्रम मी लिहून देईन. तो प्रत्येक विषयाचा वेगळा असतो, म्हणून इथे दिला नाही.